आठव्या रेजिमेंटची गळपट्टी

मोबाईल पालथा ठेव रे सत्यम. आन् तू आत्ताच दाराकडं कशाला बघतोस? अजून सुरूही केलं न्हाई मी. ऐका. ही माझ्या साडूची गोष्ट, अहमदपूरच्या विरूपाक्षची. खोटी निघाली तर गुंडप्पा नाव लावणार न्हाई.

विरूपाक्ष दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्सनं पोटावर पाय दिला, तेव्हा करंगळीएवढे घोडेस्वार रंगवायला बसला. फ्रान्सच्या नेपोलियनचं घोडदळ. हसू नका, वेड लागलं की लागलं. त्यात कोणत्या रेजिमेंटचा डगला कसा, गळ्याची आन् मनगटाची पट्टी कुठल्या रंगाची, हे तंतोतंत यावं लागतं. पुस्तकं समदी इंग्रजीत, आन् ह्याची इंग्रजीच्या नावानं बोंब. म्हणून लोह्याचे शिवप्रसाद मास्तर फोनवर वाचून सांगायचे आन् हा लिहून घ्यायचा. मास्तरांना ब्रश कधी जमला न्हाई. दहा वर्षं असं चाललं, पण ह्यानं एकदाही पुस्तक मागून बघितलं न्हाई.

दोन वर्षं खपून आठव्या रेजिमेंटचे चाळीस स्वार केले, मास्तरांनी सांगितली तशी गुलाबी गळपट्टी लावून. शनिवार, अठ्ठावीस डिसेंबर दोन हजार चोवीस. नांदेडला प्रदर्शन होतं. मास्तर येतो म्हणाले होते, आले न्हाईत. परीक्षकानं वाकून बघितलं. "हात सोन्याचा आहे हो. पण आठव्या रेजिमेंटची गळपट्टी हिरवी असते. गुलाबी फक्त मनगटाला. चाळीसही चुकलेत." त्यानं पुस्तकच उघडून दाखवलं. मास्तरांच्या टेबलावर असतं तेच पुस्तक.

मास्तरांनी चुकून सांगितलं का मुद्दाम? विरूपाक्षला एवढंच विचारायचं होतं. मास्तरांचा फोन दिवसभर बंद. मग स्वारांची पेटी मोटरसायकलला बांधून निघाला. लोह्यात मास्तरांच्या दारी पोचला तेव्हा रातचे सव्वादहा झाले होते. अमावास्येला दोन दिवस. दार नुसतं लोटलेलं.

"मास्तर?"

"ये."

मोबाईलच्या उजेडात दिसलं, मास्तर जमिनीवर मांडी घालून बसलेले. पाठ ताठ. अंगभर भस्म. ह्याच्या डोक्यात रागच एवढा, की नवल वाटलं न्हाई.

"गळपट्टी हिरवी पाहिजे होती, मास्तर."

"हाव."

"तुमाला ठाऊक होतं?"

"...हाव."

शत्रूनं दगा दिला तर माणूस भांडतो. ज्याच्या शब्दावर डोळे मिटून दहा वर्षं काढली, त्याच्याशी काय भांडायचं?

"का, मास्तर?"

मास्तरांची पापणीही हलत न्हाई.

"समदे म्हणायचे... विरूपाक्षचे स्वार. माझं नाव कुणी..."

मग म्हणाले,

"पेटी ठेव हितं. नीट करून देतो."

आन् ह्यानं ठेवली. एवढं होऊनही ठेवली. दहा वर्षांची सवय, दुसरं काय.

बाहेर शेजारच्या सुमनबाई ओट्यावर उभ्या होत्या.

"कुणाशी बोलून राहिले हो?"

"मास्तरांशी."

बाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला.

"मास्तर पहाटेच गेले हो. लातूरच्या दवाखान्यात. सांजच्याला गावाकडं माती दिली. तुमच्या लिंगायतांत बसवून देतात तशी, भस्म लावून. घरची समदी तिकडंच हायत. घराला कुलूप हाय..."

तो वळला.

कुलूप होतं.

पेटी पायरीवर.

बसला. झाकण काढलं. चाळीसही गळपट्ट्या हिरव्या. बरोब्बर पुस्तकातला हिरवा. बोट लावलं... रंग ओला.

पण मास्तरांचा हात तो. कड सांभाळता आली नव्हती. रंग वर चढला होता. हनुवटी... ओठ... डोळे...

चाळीसांतल्या एकालाही तोंड उरलं नव्हतं.