कोरडं आहे, निघ

दिवा राहू दे तसाच. आणि मधे कोणी तोंड घालायचं नाही, कारण ज्याच्यावर बेतलं त्यानंच मला हे सांगितलंय, आणि सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

आम्ही त्याला लगेचराव म्हणायचो. काहीही सांगा, "लगेच करतो!" करायचा मात्र कधीच नाही. तो आणि त्याचा धिप्पाड दादा मिळून एक छोटं विमान चालवायचे. धावपट्टी म्हणजे चारशे पावलं गवत, आणि गवत संपलं की दगडी भिंत. इंजिन बघायला मी. त्यांचा एक नियम होता. एकजण उडणार असेल तर दुसऱ्यानं आधी अख्खी पट्टी अनवाणी चालायची. बुटाला काही कळत नाही, तळव्याला ओल कळते. ओल्या गवतात चाकं ओढली जातात, विमान वेळेत वर उठत नाही. चालून झालं की ओरडून सांगायचं, "कोरडं आहे, निघ!"

एका संध्याकाळी दादा विमानात होता. लगेचराव बाहेर, पायात बूट, हातात चहा. तो चाललाच नाही. जागेवरूनच ओरडला, "कोरडं आहे, निघ!" गवत ओलं होतं. दादा विमानासकट भिंतीवर आदळला. जागच्या जागी संपला. ह्यानं खरं काय ते कोणाला सांगितलं नाही. सगळ्यांनी इंजिनाला दोष दिला, म्हणजे मला. ते मी अजून विसरलेलो नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी, सतरा नोव्हेंबर, शुक्रवार. रात्रीचे पावणेनऊ. दव पडायला लागलं म्हणून लगेचराव विमानावर ताडपत्री टाकायला गेला होता. एवढंच काम. तेवढ्यात बायको गाडी घेऊन आली. मागच्या सीटवर आठ वर्षांची पोरगी पोट धरून कण्हत होती. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, दोन तासांत ऑपरेशन करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रस्त्यानं घाट उतरून चार तास. विमानानं वीस मिनिटं.

पोरीला मागे आडवं केलं. बायको पुढे बसली. त्यानं किल्लीला हात घातला, आणि पट्टीच्या त्या टोकाकडून, भिंतीजवळून, हाक आली.

"कोरडं आहे, निघ!"

बायकोनं त्याचा दंड धरला. "अहो... हा भाऊजींचा आवाज."

त्यानं किल्लीवरचा हात काढला.

"कोरडं आहे!" आता आवाज अर्ध्या पट्टीवरून. माया नव्हती त्यात. दातओठ खाऊन बोलावं तसा.

त्यानं बूट काढले.

"कुठे चाललात?"

"चालून येतो."

पहिली शंभर पावलं बरी होती. मग तळवे भिजले. दोनशेपाशी पाणी बोटांमधून वर आलं. शेजारून कोणीतरी चालत होतं. ह्याचं पाऊल, मग त्याचं. ह्याचं... त्याचं. हातातली बॅटरी तिकडे वळवायची छाती झाली नाही. कानाशी, अगदी हळू,

"निघ ना."

तो धावतच परत आला. "ओल आहे गं. तिघं नाही उडणार. वजन होतंय."

बायकोनं अंधाराकडे पाहिलं. मग उतरली. "मी राहते. पोरीला काही झालं तर मला तोंड दाखवू नका."

"गाडीत बस. काचा लावून घे."

त्यानं पूर्ण जोर दिला. एक माणूस कमी झालं होतं. तरी विमान जड. चाकं सुटेनात. दोनशे पावलं. तीनशे. भिंत दिसली. अजून जमीन. अजून...

सुटलं. शेपटीला दगड घासला.

शेजारच्या सीटकडे त्यानं पाहिलं नाही. वीस मिनिटं. एकदाही नाही.

शहरातल्या विमानतळावर ॲम्ब्युलन्स तयार होती. पोरगी वाचली, आता कॉलेजात जाते. पण त्या रात्री तिला आत चढवताच त्यानं बायकोला फोन लावला.

"मी बरी आहे," ती म्हणाली. "तुम्ही उडालात आणि इथला आवाज बंदच झाला."

तो विमानाकडे वळला. आतला दिवा चालू होता. बायको उतरली त्या सीटचा पट्टा...

लावलेला होता.

त्याची बायको काडीएवढी. पट्टा मात्र शेवटपर्यंत सैल केलेला, चांगल्या थोराड माणसाला बसेल असा. बक्कल उघडेना. दुसऱ्या दिवशी मीच तो पट्टा कापून काढला. बक्कल माझ्याकडे आहे. अजून उघडलेलं नाही.