अर्ध्यावर अडकलेला गिअर

सोऱ्या बघून तो हसला, तिथेच माझं डोकं फिरलं.

आईच्या पितळी सोऱ्याचे आटे झिजले होते. दांडा नुसता गरगर फिरायचा, चकली काही बाहेर यायची नाही. दिवाळी तोंडावर, आणि कोलकात्यात नवा सोऱ्या मिळणार कुठे? म्हणून आईनं मला बेहाला बाजारामागच्या गल्लीत पिटाळलं, लेथवाल्यांकडे. दुर्गापूजा संपलेली. मंडपांचं कापड काढून नेलेलं, बांबूंचे नुसते सापळे उभे. आभाळ सकाळपासून राखाडी... सगळी गल्ली घरातलं कुणीतरी गेल्यासारखी गप्प.

तो मशीनवर वाकलेला. बारीक अंगाचा, कोपरापर्यंत काळा, कानामागे खडू. सोऱ्या उलटासुलटा करून म्हणाला, "दिदी, हा ग्रीस भरायचा पंप आहे का?"

"मी तुझी दिदी नाही. आणि त्यातनं खायचं निघतं."

"ग्रीससारखं?"

त्यानं हसू दाबलं. मीही दाबलं... पण मला राग आला होता, एवढं नक्की.

आमचं बोलणं सगळं हिंदी-बंगालीच्या खिचडीत. इथे मराठीत सांगतेय, एवढंच.

त्याचं नाव तमाल. कारखाना त्याच्या जेठूंचा, म्हणजे मोठ्या काकांचा. कारखाना कसला, एक लांबट खोली, दोन मशिनं, पत्र्याचं छप्पर. उद्या या म्हणाला. मी म्हटलं, मी इथेच बसते, माझा विश्वास नाही. त्यानं पायानं स्टूल सरकवलं.

आणि मग मी बघत बसले. टूल पितळेवरून एकदा जायचं, मागं यायचं, परत त्याच वाटेनं जायचं, जरासं खोल. सोनेरी कीस उडत होता. त्याचे हात घाई करत नव्हते आणि थांबतही नव्हते. माझे हात जन्मात एका जागी राहिलेले नाहीत. बारावीत मॅडम सगळ्यांसमोर माझ्या बापाबद्दल काहीतरी बोलल्या, मी डबा भिरकावला आणि वर्गातून निघाले, ती परत गेलेच नाही. बाबा बँकेत ऑफिसर. बदली होऊन इथे आलो तेव्हापासून ते नातेवाइकांना फोनवर माझ्याबद्दल एवढंच सांगतात, "नूपुर बरी आहे."

पहिल्या घाण्यातल्या चकल्या मी त्याला नेऊन दिल्या. म्हटलं, टेस्टिंग. त्यानं एक मोडली, आतली नळी उजेडात धरून बघितली, जसं काही मशीनवरून उतरलेला जॉबच तपासतोय.

"चालेल," म्हणाला.

"चालेल? आईनं ऐकलं तर तुला तळेल."

त्यानंतर मी रोजच जायला लागले. आईला सांगायचे कम्प्युटर क्लास. तिला खोटं कळत होतं, कारण माझ्या नखांत ऑइल असायचं. पण मी घरी आले की आदळआपट करत नव्हते, म्हणून बहुतेक ती गप्प राहिली.

मशीनजवळ यायचं तर वेणी वर बांध, ओढणी घरी ठेव, बांगडी काढ, असं त्यानं बजावलं होतं.

"आणि जीभ?"

"ती असू दे. मशीनचा आवाज कमी पडतो."

शिकवताना तो मला कधीच हात लावायचा नाही. एकदा मी हँडल चुकीचं धरलं, तर त्यानं कानामागचा खडू काढला आणि खडूच्या टोकानं माझं बोट हळूच खाली सरकवलं. बोटावर पांढरा ठिपका उमटला. त्या दिवशी मी डाव्या हातानं जेवले... आई म्हणाली, लागलंय का? मी म्हटलं, हो.

बातमी मला त्यानं नाही सांगितली. जेठूंनी सांगितली, चहाचं भांडं घासता घासता. पोरगा चाकणला निघालाय. मोठा कारखाना, कम्प्युटरवाली मशिनं. इथे काम येतंय कुठे? आठवड्याचे चार दिवस लेथ झाकून ठेवावं लागतं.

चाकण! माझी मावशी तिथून हाकेच्या अंतरावर राहते. मी आधी हसले. आम्ही तिकडचे, बेहालात सडतोय, आणि हा बेहालाचा निघाला चाकणला. मग हातातला पाना जमिनीवर आपटला.

तमालनं पाना उचलला, फडक्यानं पुसला, जागेवर ठेवला.

"मशीन ठीक करून जातो," म्हणाला. "मागचा गिअर बदलतो. मग तू चालव. जेठूंशी बोललोय मी."

"मला तुझं मशीन नकोय."

तो जुन्या गिअरचं माप घ्यायला वळला. मला काय हवं होतं ते त्याला कळलं की नाही, तेच मला कळेना. विचारायची माझी हिंमत नव्हती. मॅडमवर डबा भिरकावायची हिंमत होती, ही नव्हती.

तो जायचा त्या दिवशी दुपारी गिअर बसवायचा होता. पिशवी दाराशी तयार. बाहेर भुरभुर पाऊस, पत्र्यावर एकसुरी आवाज. कालीपूजेच्या जळक्या फटाक्यांचा लगदा गटाराच्या कडेनं वाहत होता. त्यानं शाफ्ट, म्हणजे गिअर बसतो तो दांडा, व्हाइसच्या शिकंज्यात उभा आवळला आणि मला समजावलं. गिअरचं भोक मुद्दाम केसभर लहान ठेवतात. गिअर तापवला की भोक मोठं होतं, शाफ्टवरून सरकत जातं. थंड झाला की असा आवळून धरतो की निघत नाही.

"पण मध्ये थांबायचं नाही. उचलला की थेट खालपर्यंत. अर्ध्यावर थांबला तर तिथेच धरतो. मग वर नाही, खाली नाही."

"आणि?"

"आणि बोलायचं नाही."

गॅसच्या निळ्या ज्योतीवर गिअर तापला. त्यानं बोटानं पाण्याचा थेंब टाकला, थेंब चुरचुरत नाचला आणि उडाला. जाड हातमोजे घालून एकीकडनं त्यानं धरला, एकीकडनं मी. उचलला. शाफ्टच्या तोंडावर बसला, सरकायला लागला. वाफ, जळक्या ऑइलचा वास, आणि समोर त्याचा चेहरा, इतका जवळ...

"जाऊ नकोस," मी म्हणाले.

त्याचे हात थांबले.

जेठू ओरडले तरी न थांबणारे हात. दारात भांडण लागलं, लाइट गेली, तरी अंदाजानं काम संपवणारे हात. ते थांबले — एवढंसंच. मग त्यानं जोर लावला, मीही लावला. गिअर हलला नाही.

"धरलं," तो म्हणाला.

आम्ही दोघंही तसेच उभे. मोज्यातून आच लागत होती. तो शाफ्टकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं की वाफ, ते मी नीट बघितलंय. वाफ नव्हती.

"सोड आता," म्हणाला. "भाजेल."

मी सोडलं. जेठू आत आले. त्यांनी गिअर बघितला, मग त्याला बघितलं, मग मला. ओरडतील वाटलं. हळूच म्हणाले, गाडीची वेळ झाली. तमालनं मोजे काढले, कानामागचा खडू काढला आणि माझ्या कानामागे अडकवला. त्याची बोटं माझ्या केसांना लागली. पहिल्यांदा. मग पिशवी उचलून तो पावसात गेला. छत्री विसरला, आणि मी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी जेठूंनी करवत माझ्यापुढे धरली. "गिअर तू थांबवलास, तू काप. शाफ्ट वाचला पाहिजे."

मी कापला. खांदे भरून आले. शेवटी छिन्नीचा एक घाव, आणि गिअर टण्णकन फुटून उघडला. त्यानं जिथे धरलं होतं तिथे शाफ्टवर लांब ओरखडा. जेठू म्हणाले, घासून टाक. मी वर आलेली धार घासली. ओरखडा ठेवला.

चार दिवसांनी नवा गिअर आला. तसाच तापवला, थेंब तसाच नाचला. एकीकडे जेठू, एकीकडे मी. उचलला, सरकला, खाली जाऊन टक्क बसला. एका दमात. कुणी काही बोललंच नाही ना. इतकं सोपं होतं ते... मला रडू फुटलं. जेठू पाठ फिरवून बिडी शोधत राहिले.

संध्याकाळपर्यंत शाफ्ट परत मशीनमध्ये चढवला, आणि त्याचा फोन. मागे कुणीतरी मराठीत चहावाल्याच्या नावानं ओरडत होतं.

"इथे सगळे तुझ्यासारखेच बोलतात," तो म्हणाला. "सारखं वाटतं, तूच भांडतेयस." मग जरा थांबून, "गिअर बसला?"

"बसला."

"शाफ्टवर ओरखडा होता?"

"होता. आता गिअरच्या आत गेला. कुणाला दिसत नाही."

"पण आहे."

"आहे."

मग तो म्हणाला, मशीन चालू कर ना, ऐकू दे.

मी वेणी वर बांधली, फोन मशीनजवळ टेकवला आणि बटण दाबलं.