घोडीचं मनगट

पहिल्यांदा घोडी खरंच लंगडत होती. खुरात खडा अडकला होता. जनावरांच्या डॉक्टरांनी तो काढला आणि दमलेल्या डोळ्यांनी मास्तरांकडे बघून हसल्या. झालं! दिवसभर लोकांना घोड्यावर बसायला शिकवणारा हा माणूस त्या हसण्यावरून जो घसरला, तो काही सावरला नाही.

मग घोडी दर आठवड्याला लंगडू लागली. युक्ती सोपी होती. पुढचा पाय दुखत असला की घोडा तो टेकताना मान वर उचलतो. मास्तर घोडीला पळवून दाखवताना पाय टेकताना नेमका तेव्हाच दोर हळूच वर ओढायचे. डॉक्टर बिचाऱ्या खांद्यापासून खुरापर्यंत एकेक सांधा वाकवून बघायच्या.

“हा गुडघा नव्हे, मास्तर. हे तिचं मनगट.”

“अन् कोपर कुठाय मग?”

“हे काय, वर... छातीला चिकटून.”

तेवढ्यावर मास्तरांचा आठवडा निघायचा.

आज मात्र डॉक्टर पार थकल्या होत्या. त्यांनी पाय वाकवून पाहिला, उसासा टाकला आणि सुई उचलली.

“असं किती दिवस चालायचं? मनगटात इंजेक्शनच देऊन टाकते.”

मास्तरांनी दोर घट्ट धरला. धडधाकट सांध्यात सुई! आत घाण गेली तर घोडी जन्माची लंगडी व्हायची. आणि खरं सांगावं, तर पुन्हा दवाखान्यात यायला तोंड उरायचं नाही.

सुई पायाजवळ आली.

“थांबा! ती लंगडत नाहीये. मी... मीच दोर ओढतो.”

“कशासाठी?”

“तुम्हाला बघायला. दुसरं काही सुचलंच नाही... तुम्ही आवडता मला, डॉक्टर.”

डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवली आणि भिंतीला टेकून खालीच बसल्या.

“सांध्यात सुई घालायची तर आधी केस भादरतात, जागा घासूनपुसून धुतात. मी धुतली?”

मास्तरांनी घोडीच्या धुळकट पायाकडे पाहिलं.

“म्हणजे... तुम्हाला ठाऊक होतं?”

“एकदा डावा पाय, एकदा उजवा! सोंग आणायचं तर नीट तरी आणावं माणसानं.”

“मग बोलला का नाहीत?”

“दिवसभर दुखणीच बघते हो मी. आठवड्यातून एकदा एक ठणठणीत जनावर यायचं, त्याच्यासोबत तुम्ही... मी कशाला बोलू?” त्यांचा आवाज बारीक झाला. “पण तुम्ही कधी बोलाल याची वाट बघून बघून दमले आता.”

मास्तर दोर सोडून त्यांच्याशेजारी बसले. काय बोलावं ते जुळवू लागले. डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ते जुळायच्या आत गाढ झोपून गेल्या.