उशाचा नळ

बसा. लाइनला प्रेशर देऊन ठेवलंय, आणि वीज येईपर्यंत दुसरं काम तसंही होत नाही. तो दिवा जरा इकडे सरकवा, पंपाच्या काट्यावर उजेड पडायला हवा. पाण्याचा पेला आणलात तो ठेवा तिथेच, पंपाशेजारी. नाही, मला तहान नाही. झाकू नका, तसाच राहू द्या.

आता तुम्ही दुपारी जे सांगितलंत त्याबद्दल. घरभरची जुनी लाइन काढून नवी टाकायची हे ठरलंच होतं, ती मी टाकली. पण आज जेवणानंतर तुम्ही मला बाजूला घेऊन हळूच म्हणालात, वडिलांच्या खोलीतला नळ तेवढा बंद करा, तिथे प्लगचं बूच मारा, ते उगाच पाणी पीत राहतात आणि मग चादरी बदलत बसावं लागतं. मी काही बोललो नाही. तुम्हाला वाटलं, मिस्त्री समजूतदार आहे. मिस्त्री समजूतदार वगैरे काही नाही. त्याला एक घर आठवलं. ते ऐका, मग प्लगचं बोलू.

तीस वर्षं मी भिंती फोडतोय. भिंतीत काय असतं ते मला चांगलं माहीत आहे. गंज, झुरळं आणि आधीच्या मिस्त्रीचा मूर्खपणा. घरात आवाज येतात म्हणून घाबरलेली माणसं मी ढिगाने पाहिली. पाइपात हवा अडकलेली असते, नाहीतर एखादा क्लॅम्प निखळलेला असतो, आणि हे शिकलेसवरलेले लोक डोळे पांढरे करून उभे! मला त्यांची दया कधी आली नाही. चीडच यायची.

त्या घराचा मालक तसाच. कुठल्याशा कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होता आणि खिशात कायम स्टीलची मोजपट्टी बाळगायचा. मीही मनातल्या मनात त्याला मोजपट्टीच म्हणायचो. पहिल्या दिवशीच मला शिकवायला लागला की पाइपांना उतार किती द्यायचा. नळाच्या लाइनला उतार लागत नाही, तो सांडपाण्याच्या पाइपाला लागतो. एवढंही ज्याला कळत नाही त्याच्या हाताखाली म्हणे तीनशे माणसं होती.

दोन मजली घर, सात नळ, चाळीस वर्षांची लोखंडी लाइन. पाणी लालसर यायचं, वरच्या मजल्यावर धार करंगळीएवढी. लाइन बदलायला झालीच होती. पण त्याने मला बोलावलं ते त्यासाठी नव्हतं.

"दुपारी तीनच्या सुमाराला पाइप वाजतो," तो म्हणाला. "टक टक टक. मग थांबतो. मग पुन्हा."

"हवा असेल."

"हवाच असेल," तो घाईघाईने म्हणाला. "तरी पण एकही जुना तुकडा घरात ठेवायचा नाही. भिंतीतलासुद्धा."

हे जरा नवीन होतं. एरवी लोक भिंत फोडायची म्हटलं की रडकुंडीला येतात. जुनी लाइन आतच राहू द्या म्हणतात, नवी वरून न्या म्हणतात. हा म्हणाला, फोडा. मीही फोडली.

सहा दिवस ते घर मी उकलत होतो आणि सहाही दिवस शिव्या देत होतो. एका जोडाला कुणीतरी सायकलची ट्यूब गुंडाळून ठेवली होती. न्हाणीघरातल्या भोकात चिंधी कोंबून वर सिमेंट फासलं होतं. असल्या माणसांना मिस्त्री म्हणतात म्हणून माझ्यासारख्याचं नाव खराब होतं. म्हणूनच मी प्रत्येक जोडावर छिन्नीने दोन आडव्या रेघा मारतो. पुढे कधी लाइन उघडली तर माझं काम ओळखू यावं, दुसऱ्याच्या गाढवपणाचं खापर माझ्या डोक्यावर नको. तुमच्याकडेही मारल्यात, बघा हवं तर.

दुपारी आवाज यायचा, हे खरं. मोजपट्टीची बायको तीन वाजायच्या आत शेजारी निघून जायची. मोजपट्टी वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसायचा, पान उलटायचं विसरून. टक टक टक. मी हसायचो. पण लाइन जसजशी निघत गेली तसतसा तो आवाज कमी व्हायला हवा होता, तो होईना. पाणी तोडल्यावर कसली हवा आणि कसलं काय? मी मनाला सांगितलं, ऊन लागून लोखंड फुगत असेल.

सहाव्या दिवशी मागची खोली राहिली होती. लहानशी, एकच खिडकी, बॅगा आणि खोकी भरलेली. एक लोखंडी पलंग भिंतीला उभा करून ठेवलेला. खोलीत ओल नव्हती, तरी वास होता. बरेच दिवस बंद राहिलेल्या तोंडाचा असतो ना, तसा.

खोकी हलवली तर भिंतीत, जमिनीपासून दोन हातांवर, पाइपाचं एक टोक बाहेर आलेलं आणि त्यावर प्लग. तो उभा पलंग खाली टाकला असता तर हे टोक बरोबर उशाशी आलं असतं. प्लगच्या बाजूला पाइपाचा रंग एका ठिकाणी पार उडालेला, आणि तेवढंच लोखंड चकचकीत. तिथे कुणीतरी काहीतरी आपटत राहिलं होतं. एकदोनदा नव्हे, महिनोन्‌महिने.

पण माझं लक्ष आधी प्लगकडे गेलं. काय सुरेख मारला होता! आटे पूर्ण बसलेले, वर गुंडाळलेला दोरा आतल्या आत, थेंबभरही गळती नाही. त्या घरात पहिल्यांदाच एखाद्या कामाला मी मनापासून दाद दिली. म्हटलं, चला, एक तरी माणूस इथे येऊन गेला. मग कापड घेऊन प्लगवरची धूळ पुसली.

दोन आडव्या रेघा.

तेव्हा आठवलं. त्याच्या नऊ वर्षं आधी मला कुणीतरी मागच्या दाराने आत नेलं होतं. पाच मिनिटांचं काम. घराचा रंग तेव्हा वेगळा होता, आणि त्या मोजपट्टीलाही मी आठवत नव्हतो. मिस्त्रीचं तोंड कोण लक्षात ठेवतं? पलंगावर एक म्हातारी होती. तिला चालता येत नव्हतं, म्हणून तिच्या नवऱ्याने जिवंतपणी उशाशी एक छोटा नळ आणि खाली भांडं लावून दिलं होतं. तो गेल्यावर मुलाने मला बोलावलं. का, ते तुम्हाला सांगायला नको. तुम्हीही आज तेच कारण सांगितलंत, जवळजवळ त्याच शब्दांत.

मी आटे आवळत होतो तेव्हा ती म्हणाली होती, "बाळा, थोडं तरी येऊ दे रे."

आणि मी म्हणालो होतो, "मुलाला सांगा, आजी. मी कामाचा माणूस."

झालं. एवढंच. घरी जाऊन व्यवस्थित जेवलो असेन.

पाइपाचं ते टोक कापून मी अंगणातल्या ढिगावर नेऊन टाकलं. मोजपट्टी म्हणाला, या खोलीला नवी लाइन नको. मी म्हटलं, बरं. इतरांना तोंडावर मूर्ख म्हणणारा मी, तिथे मूग गिळून गप्प बसलो. बोललो असतो तर प्लग कुणाचा, हेही सांगावं लागलं असतं.

आठव्या दिवशी नवी लाइन पूर्ण झाली. सगळी प्लास्टिकची. हा असाच पंप लावला, काटा दहावर नेला. काटा हलला नाही की काम पास, हलला की कुठेतरी गळती. त्या काट्यावर माझी इज्जत असते. तोवर माझ्या लाइनवर तो कधी हलला नव्हता.

तीन वाजता हलला.

गळती असेल तर काटा एकसारखा उतरतो. हा तसा उतरेना. जरासा खाली आला, थांबला. पुन्हा जरासा, पुन्हा थांबला. मी सगळे जोड कोऱ्या कागदाने पुसले, कागद कोरडाच. पुन्हा पंप मारला. लाइनने जेवढं पाणी घेतलं तेवढं पेल्याने मोजलं, तर बरोबर एक पेला. दुसऱ्या दिवशी तीनला तेच, एकच पेला. तिसऱ्या दिवशी मी काट्यासमोर मांडी ठोकून बसलो. उतरला, थांबला. उतरला, थांबला... आणि माझ्या लक्षात आलं की प्रत्येक वेळी माझाही घसा आवंढा गिळतोय. ते घोट होते.

त्याच वेळी आवाज आला. टक टक टक.

घरात लोखंडाचा तुकडा उरला नव्हता आणि प्लास्टिक असं वाजत नाही. मी बाहेर गेलो. अंगणात रखरखीत ऊन, ढिगावर साधं पाखरूही नाही. आवाज ढिगातून येत होता. तो चकचकीत डागाचा तुकडा वरच पडला होता, आणि थरथरत होता.

माझ्या मागे मोजपट्टी येऊन उभा राहिला होता.

"आई अंगठीने वाजवायची..." तो म्हणाला. "पाणी हवं असलं की."

"तुम्हाला ऐकू यायचं?"

"यायचं ना. पण दर वेळी कोण उठणार... आम्ही दार लावून घ्यायचो."

"आणि शेवटी?"

त्याने ढिगाकडे पाठ केली. मग म्हणाला, "दोन दिवस गावाला गेलो होतो. शेजारी सांगून गेलो होतो, पण... ते विसरले." मग चाचपून खिशातली मोजपट्टी काढली, उघडली, मिटली. "डॉक्टरांनी वय झालं होतं असंच लिहिलंय."

मला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. थुंकलो नाही, कारण दार त्याने लावलं होतं, पण पाणी मी तोडलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्याच कामाची लाज वाटली, आणि ते काम त्या घरातलं सगळ्यात चोख काम होतं.

त्याला न विचारता मी मागच्या खोलीत लाइन नेली. जमिनीपासून दोन हातांवर नळ बसवला. पलंग आडवा केला, नळाखाली बादली ठेवली आणि म्हटलं, "घ्या, आजी." नळ सोडला.

धार पडत होती. चांगली मनगटाएवढी, मला दिसत होती. पण बादलीचा आवाज येईना. वाकून पाहिलं तर बादली कोरडी. धार बादलीच्या तोंडापाशी यायची आणि तिथे... तिथे ती नसायची. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मग एकदम बादलीच्या तळावर पाणी वाजलं, आणि ती साधी बादली भरावी तशी भरली. नळ बंद केला, पुन्हा प्रेशर दिलं. काटा दहावर जाऊन बसला तो हललाच नाही. ढीगही गप्प झाला होता.

तुम्हाला वाटेल, संपलं. महिन्याभराने मोजपट्टीची बायको दुकानात भेटली. अगदी हसतमुख. म्हणाली, तुमच्या हाताला यश आहे हो, घर कसं शांत झालंय. मी विचारलं, आणि मागच्या खोलीतला नळ? "तो ना? तो दुसऱ्या मिस्त्रीकडून बंद करून घेतला. उगाच ओल येते." बघा! असल्या माणसांचं काही बिघडत नाही. ती दोघं मजेत आहेत, दुपारी झोप काढतात.

तिथला नळ बंद झाल्यावर तिने जायचं कुठे? मुलाकडे मागून काय मिळतं ते तिला माहीत होतं. तिला एकदा पाणी दिलं होतं ते मी. त्यानंतर दुसऱ्या घरी प्रेशर दिलं तर काटा उतरला, थांबला... उतरला, थांबला. मग मी पंपाशेजारी भरलेला पेला ठेवायला लागलो. चार वर्षं झाली. पेला रिकामा होतो, काटा जागचा हलत नाही. मी तिकडे बघत नाही, सवय झालीय. घराघरांत लोक म्हणतात, मिस्त्री, तुम्हाला पाणी फार लागतं. मी हो म्हणतो.

तेव्हा तुमच्या वडिलांच्या खोलीत मी प्लग मारणार नाही. दुसऱ्या कुणाला बोलावायचं तर बोलवा, जगात नग पुष्कळ आहेत.

काय झालं? असं काय बघताय?

...हो. मघाशी काठोकाठ होता. मी इथून उठलेलो नाही, तुम्ही समोरच आहात. पण थांबा, दिवा जरा जवळ आणा. अर्धाच संपलाय. चार वर्षांत असं कधी झालं नाही. ती थेंबही मागे ठेवत नाही, तिची तहान मला माहीत आहे... आणि आज अर्धा ठेवलाय. आणि बघा, पेला सरकलाय, तुमच्याकडे नाही. वडिलांच्या दाराकडे.

उचला तो. आत नेऊन द्या. ती वाट बघतेय.