काळ्या कापडापुढे

जूनच्या एकवीस तारखेला, दक्षिण गोलार्धातल्या वर्षाच्या सगळ्यांत लहान दिवशी, मर्लने परसातल्या मागच्या कुंपणाला पीचच्या फोडींचा रिकामा डबा तारेने घट्ट बांधला. डब्याला सुईच्या टोकाएवढं एकच भोक. आत फोटोच्या कागदाचा तुकडा, झाकणाभोवती काळी चिकटपट्टी. भोकासमोर तिची बाग, आणि बागेपलीकडे स्वयंपाकघराची खिडकी.

“आता डब्यात काय पिकवतेस?” शेजारचा डार्सी कुंपणावर कोपर टेकून म्हणाला.

“बागेचा फोटो. सहा महिन्यांत तयार होईल.”

“सहा महिने! तोवर आपण दोघं टिकलो म्हणजे मिळवलं.”

“पेन्शनीत एवढंच बसतं, बाबा. आणि याला बटण दाबावं लागत नाही.”

तेच तर तिला नको होतं. खरा कॅमेरा, जुन्या बाजारातून आणलेला, मार्चपासून कपाटात पडून होता. त्याआधी तिने हुऑन नदीच्या खोऱ्यातल्या आपल्या बागेतलं एकूण एक झाड टिपलं होतं. दिवे नव्हते, स्टुडिओ नव्हता. होतं ते जुन्या पडद्याचं काळं मखमली कापड आणि ते धरायला नवरा. फुलामागे अ‍ॅथल कापड ताणून उभा राहिला की कुंपण, दोरीवरचे कपडे सगळं नाहीसं व्हायचं. फूल तेवढं उरायचं. “हलू नकोस हं,” ती म्हणायची. अ‍ॅथल नाकावरची माशीही हाकलायचा नाही.

मार्चमधल्या त्या सकाळी डेलियापाशी कॅमेऱ्याचे सेल संपले. “हलू नकोस, आलेच,” म्हणून ती आत गेली. तेवढ्यात फोन वाजला. बहीण होती. बोलण्यात पाऊण तास गेला. बाहेर आली तेव्हा अ‍ॅथल डेलियाच्या वाफ्यात पालथा पडला होता. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. बराच वेळ छातीत कळ येत असणार, हाक मारायला हवी होती त्यांनी, असंही म्हणाले. कापड मुठीतून सुटेना, ते तसंच त्याच्याबरोबर पुरलं. रोजचं तापमान, पहिली कळी, सगळं वहीत लिहिणाऱ्या मर्लने तो पाऊण तास मात्र कुठेच लिहिला नाही. कुणाला सांगितलाही नाही.

डिसेंबरच्या बावीस तारखेला तिने डबा सोडवला. पडदे ओढून कागद बाहेर काढला तेव्हा डार्सीही शेजारी होता. अशा कागदावर सगळं उलटं उमटतं, उजळ ते काळं, काळं ते पांढरं. छपरावर सूर्याच्या वाटा एकीवर एक चढल्या होत्या. कुंपणाचे खांब, घराचा कोपरा स्पष्ट होता. झाडं वाढली, डोलली, म्हणून धुरासारखी. मर्ल रोज बागेत काम करत होती, तिची तर खूणही नव्हती. सहा महिन्यांत जे हललं नाही, तेच कागदावर राहतं.

डेलियाच्या वाफ्यात एक माणूस उभा होता. कुंपणाच्या खांबाइतका स्पष्ट. दोन्ही हात ताणलेले, हातांत पांढरा चौकोन. त्याचे पिकलेले केस कागदावर काळे झाले होते, लग्नातल्यासारखे.

“बुजगावणं लावलं होतंस का गं?” डार्सी म्हणाला.

तिने त्या ताणलेल्या हातांवरून बोट फिरवलं.

“मर्ल... सहा महिने. पावसात, बर्फात...”

“मीच सांगितलं होतं त्याला,” ती म्हणाली. “हलू नकोस म्हणून. आणि आत येऊन फोनवर बसले.”

डार्सीने डोक्यावरची टोपी काढली. मग अगदी हळू म्हणाला, “मग आता सांग त्याला. झालं म्हणून.”

ती एकटीच वाफ्यापाशी गेली. लख्ख दुपार होती. मातीला ओल्या मखमलीचा वास येत होता. “झालं, अ‍ॅथल,” ती म्हणाली. “निघाला फोटो. चुकलं माझं... हल आता.”

झाडावर कलकलणारे काळे काकाकुवे एकदम गप्प झाले. वारा नसताना डेलियाचं एक पान खाली वाकलं आणि परत वर आलं.

तो सुटला की नाही, हे कळायला एकच मार्ग होता. तिने नवा कागद घालून डबा त्याच जागी बांधला. या खेपेचे सहा महिने तिने बहुतेक स्वयंपाकघराच्या खिडकीपाशीच खुर्ची टाकून काढले, वही पुढ्यात घेऊन, वाफ्याकडे बघत.

जूनमध्ये ती डबा घेऊन त्याच खुर्चीत बसली. पडदा ओढला, एक फट ठेवली. नखाने चिकटपट्टी सोलली.

वाफा रिकामा होता.

तिला रडू फुटलं. डोळे पुसून तिने कागद फटीजवळ धरला, आणि मग तिला खिडकी दिसली. खिडकीत ती स्वतः होती. या सहा महिन्यांत ती रोज उठत होती, झोपायला जात होती, चहा करत होती. तरी तिची एकेक बट कागदावर मोजता येत होती. तिच्या डोक्यामागे ना कपाट होतं, ना भिंतीवरचं घड्याळ. होता फक्त एक पांढरा चौकोन, आणि त्याच्या दोन्ही कडांना चार-चार बोटं.

ओल्या मखमलीचा वास आला. मागच्या घड्याळाची टिकटिक दबत गेली, मधे कुणी जाड कापड धरावं तशी.

बाहेर वाळूवर पावलं वाजली. “मर्ल, निघालं का काही?” डार्सीने काचेवर दोन्ही तळवे टेकले आणि फटीतून आत पाहिलं. तो हसत होता. मग त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली, तिथून हळूहळू वर चढली.

“मर्ल,” काचेपलीकडून तो जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला, “हलू नकोस...”