एलवेडची वाकडी रेघ

मायरिग त्या रात्री घराबाहेर पडला, तो मैदानावरच्या रेघेच्या पट्टीचं सुटलेलं टोक दाबून यायला. काम दहा मिनिटांचं. गेल्या वर्षीची चौदा नोव्हेंबर, शुक्रवार, रात्रीचे साडेनऊ. वेळ मला पक्की ठाऊक आहे, कारण जाताना माझ्या दाराशी थांबून त्यानं माझी विजेरी मागून नेली. अजून परत दिली नाही, ते सोडा.

मायरिगला तुम्ही सगळे ओळखता. आपल्या क्लबाचं रग्बीचं मैदान तोच बघतो. त्याच्याआधी चाळीस वर्षं एलवेड बघायचा. तो वारला, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. एलवेड चुन्यात तणनाशक कालवायचा. गवत जळायचं आणि रेघ हिवाळाभर हलायची नाही. साऱ्या वेल्समधले जुने लोक तसंच करत. पण एलवेडची डोंगराकडची कडेची रेघ वाकडी. कोपऱ्याजवळ चांगली सहा पावलं आत वळायची. पाहुणे संघ विचारायचे, "काय एलवेड, किती प्यालास रेघ मारायच्या आधी?" तो एवढंच म्हणायचा, "मैदान तुमचं, रेघ माझी."

हसतोस काय, गेराइंट? आम्हीही असेच हसायचो.

मायरिगला त्या रेघेची लाज वाटायची. मग क्लबानं कायमच्या रेघा बसवायचं ठरवलं. पांढऱ्या प्लॅस्टिकची सलग पट्टी यंत्रानं मातीत शिवून टाकतात, गवताच्या मधोमध. दर शुक्रवारी रंगवत बसायला नको. मायरिगनं दोरी ताणली, टेप लावली, काटकोन तपासला आणि एलवेडची रेघ उकरून तिथं गवताचं बी पेरलं. नवी पट्टी अगदी सुतात. मीही म्हटलं, "वा रे पठ्ठ्या!" आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलींचा सामना होता. मायरिगची तेरा वर्षांची नात माबली पहिल्यांदाच खेळणार होती, आणि तीही डोंगराकडच्याच कडेनं धावणार होती. तिचा पाय पट्टीच्या सुटलेल्या टोकात अडकायला नको, म्हणून हा रात्रीचा निघाला.

पाऊस भुरभुरत होता. फाटक उघडून तो डोंगराकडच्या कोपऱ्याकडे चालू लागला. अर्ध्या वाटेत त्याला आवाज आला.

किर्र... किर्र...

रेघा मारायच्या गाडीचं चाक. एलवेडच्या गाडीचं. ती तर भंगारात गेली होती. मायरिगनंच दिली होती.

"कोण आहे?"

किर्र...

त्यानं विजेरी फिरवली. माणूस नाही. गाडी नाही. गवतावर फक्त एक पांढरी रेघ. ओली. चार बोटं रुंद. आणि ती पुढं सरकत होती... हळूहळू... म्हाताऱ्या माणसाच्या चालीनं. चुन्याचा वास. तणनाशकाचा वास. रेघ त्याच्या बुटांपाशी आली.

थांबली.

"एलवेड?"

...

"एलवेड, मी मायरिग."

...

रेघ वळली. त्याच्या आणि कोपऱ्याच्या मधून गेली. सहा पावलं आत. जुन्याच वाटेनं. मग आवाज बंद.

मायरिगनं ती ओलांडली नाही. का, ते त्याला आजही सांगता येत नाही. त्यानं क्लबाच्या खोलीतून जास्तीची निशाणं आणली आणि त्या रेघेवर एकेक रोवलं.

रात्रभर पाऊस पडला. सकाळी रेघ तशीच. पंच बाई आल्या आणि हसायलाच लागल्या.

"अहो, हे काय केळ्यासारखं वाकडं काढलंत? एवढी सुरेख पट्टी शिवलीय ना तिकडं!"

"बाई, खेळ या रेघेच्या आत होईल. नाहीतर होणार नाही."

"आजोबा, बास ना!" माबली लाजेनं लालबुंद झाली होती. "सगळ्या बघतायत. माझी पहिली मॅच आहे!"

"माहितेय बाळा. म्हणूनच."

शेवटी बाईंनी मान्य केलं. अकरा वाजून वीस मिनिटांनी माबलीच्या हातून चेंडू निसटला आणि वाकड्या रेघेबाहेर घरंगळत गेला. पोरगी मागे धावली.

"माबली! थांब!"

मायरिगचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ती रेघेवरच थबकली. चेंडू पट्टीपर्यंत गेला... आणि तिथं जमीन नव्हती. धडाम वगैरे काही नाही. गवत खाली गेलं, एवढंच. मायरिगची सरळ पट्टी खड्ड्यावर कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबत राहिली. माबली तिच्यापासून सहा पावलांवर उभी होती.

खाली कोळशाची जुनी खाण. तो बोगदा नकाशातच नव्हता. एलवेड पोरवयात त्या खाणीत उतरायचा, त्याला माहीत असणारच. सांगितलं असतं तर मैदान बंद झालं असतं. म्हणून चाळीस वर्षं गप्प राहिला आणि रेघ वाकवत राहिला, लोकांचं हसू झेलत. मला त्याचा राग येतो, पोरांनो. आणि रडूही येतं.

सोमवारी तपासणीची माणसं आली. दोरीला कॅमेरा बांधून खाली सोडला. मायरिग आणि मी पडद्याकडे बघत होतो. साठ फूट. लाकडी टेकू. मातीच्या ढिगावर आपला चेंडू. आणि पुढं बोगदा... कोरडा, काळा.

इंजिनिअर पोरगी थांबली.

"इथं खाली कोणी उतरलं होतं का?"

"साठ वर्षांत तरी नाही," मी म्हटलं.

"मग हे काय?"

मायरिगनं माझा दंड धरला.

ढिगाच्या पलीकडून, बोगद्याच्या मधोमध, एक पांढरी रेघ निघाली होती. चार बोटं रुंद. ओली. उजेड पोचत होता तिथपर्यंत ती गेली होती... गावातल्या शाळेच्या दिशेनं.