दट्ट्याआडचा श्वास

नवं नळकांडं घेऊन आलेला काचकारागीर भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या दारातच तिथल्या संशोधिकेवर आदळता आदळता वाचला.

“फुटलं असतं म्हणजे?”

“दुसरं फुंकून दिलं असतं, बाई. माझी फुंकर काही संपत नाही.”

तिने नळकांडं टेबलावर ठेवून त्यातला दट्ट्या झटकन वर ओढला. आतली हवा प्रसरण पावली आणि... काच आतून धुरकटली. कोरड्या हवेत हे व्हायला नको होतं.

त्याने कान पकडले. “हवा बदलायची राहिली. आत माझाच श्वास आहे. पण गार कसा पडला तो?”

“बाहेरून उष्णता घ्यायला वेळच मिळाला नाही. मग जवळची खर्च केली. याला अ‍ॅडियाबॅटिक म्हणतात.”

“आमच्यात याला प्रेम म्हणतात.”

“परत न्या हे,” ती म्हणाली खरी. पण नळकांडं काही परत गेलं नाही. तो मात्र रोज काहीतरी विसरून जायचा आणि न्यायला यायचा.

मग तो छातीच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात भरती झाला. जाताना म्हणाला, “परत आलो तर एक विचारायचंय.”

“तर—?”

तिसऱ्या दिवशी दट्ट्या घट्ट बसवलेला असताना काच धुरकटली. निवळली. पुन्हा धुरकटली. तिने घड्याळ लावलं. मिनिटाला सोळा वेळा. ना दाब बदलत होता, ना तापमान.

शिपाईमामा फडकं टाकून मागे सरले. “बाई, श्वास घेतंय हो ते! मी नाही पुसणार.”

ऑपरेशनच्या दिवशी बावीस. दुसऱ्या दिवशी बारा. तिच्या अंगावर काटा यायचा, तरी हात काचेवरून निघत नसे.

आणि एका दुपारी काच निवळली ती निवळलीच. दहा सेकंद... वीस... तीस.

“घ्या ना श्वास,” ती काचेला म्हणाली. “ऐका ना माझं...”

मागे चप्पल वाजली. दारात तो उभा होता. खंगलेला, गाल फुगवून, दम रोखून.

“अहो, सोडा तो आधी!”

त्याने श्वास सोडला. काच धुरकटली. काचेवरचं ते धुकं पाहून तो पांढराफटक पडला.

“विचारायला धीर होईना, म्हणून जरा—”

“हो,” ती म्हणाली. “माझं उत्तर हो आहे.”

काचेवर त्या धुक्याशेजारी एक लहानसं, नवं वर्तुळ उमटलं. तिने हळूच आपला श्वास रोखला. ते विरलं... आणि तिने श्वास सोडेपर्यंत परत आलं नाही.